नागूची वेणी आणि हणमंताची गाठ

सिद्धेश्वराच्या तळ्यात गळ्याइतक्या पाण्यात उभी करा अन इचारा, मी हेच सांगणार. आता सांगते त्यातला शब्द न शब्द खरा हाय. एक शब्द जरी खोटा निघाला, तर माझ्या भाकरीवरची शेंगाचटणी जन्मभर खवट लागू दे अन तोंडात राहिलेले तीन दात बी आजच पडू देत! आता यापुढं कोणी मधी बोलायचं न्हाय.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्सं झाली व्हती. रेशनवरची तांबडी परदेशी मिलो ज्वारी खाऊन रुसलेली पोटं आत्ता कुटं जाग्यावर आली व्हती. आमच्या गल्लीत हणमंत म्हणून एक माणूस राहायचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर जॉबर. जॉबर म्हंजे काय, तर माग रुसून बसला की त्याची समजूत काढणारा माणूस. बायकोची समजूत त्याला कधी काढता आली न्हाय, पर माग त्याचं ऐकायचे. अन त्याची गाठ! तुटला धागा बोटात धरायचा, अंगठा फिरवायचा, गाठ तयार. कुणी वाखाणली की म्हणायचा, "ब्रह्मदेवानं लग्नाची मारलेली गाठ एकवेळ सुटंल. हणमंताची सुटायची न्हाय."

घरात बायको मनकर्णा, आई सोजरबाई अन एकुलती एक पोरगी नागू. नागू जन्मली मोहोळला, मनकर्णाच्या माहेरी. नागनाथाच्या कृपेनं झाली म्हणून नाव नागू. कधी झाली? मनकर्णा म्हणायची, "पंचमीच्या पुढं." सोजरबाई म्हणायची, "पंचमीच्या मागं." वरीस कुठलं, यावर दोघींचं भांडण सहा वर्सं चाललं व्हतं. कागद कुणाकडंच नव्हता.

तर या नागूला शुक्रवार पेठेतल्या शाळेत घालायचं, हा हणमंताचा हट्ट. लई नावाजलेली शाळा. दगडी जिना, पितळी घंटा, अन पोरींना निळा स्कर्ट. हणमंत स्वतः चौथी नापास. मागाच्या मालकाकडं चिठ्ठी लिहायची वेळ आली की हा घामाघूम व्हायचा. "माझी पोरगी चिठ्ठ्या लिहील, अन लोकं घामाघूम व्हतील," असं म्हणायचा.

आता कागद न्हाय, तर पोरगं सहा वर्सांचं झालं हे मास्तरांनी कसं ओळखायचं? त्याला त्या काळी एक सोपी रीत व्हती. उजवा हात डोक्यावरनं पलीकडं न्यायचा अन डावा कान धरायचा. कान धरता आला, घ्या आत. न्हाय आला, पुढच्या साली या.

हणमंतानं आठ दिवस आधीपासून नागूला रोज चौकटीत उभं केलं. पहिल्या दिवशी बोटाचं टोक कानाच्या पाळीला लागलं. चौथ्या दिवशी पाळी चिमटीत आली. आठव्या दिवशी नागूनं कान असा पिरगाळला की स्वतःच ओरडली.

"झालं," हणमंत म्हणाला, अन त्याच संध्याकाळी पेढे आणले.

सोजरबाई म्हणाली, "आरं, आधी नाव तर लागू दे."

"लागल्यागत हाय, आई. डोक्याला हात लावला की कान, कान धरला की शाळा. कशात अडकायचंय?"

गल्लीत घरटी पेढा गेला. मागांवर गेला. शेजारचा ईश्वरप्पा त्याच कारखान्यात टॉवेलच्या घड्या मोजायला व्हता. त्याला दोन गेले, कारण त्याला जळवायचं व्हतं. ईश्वरप्पानं दोन्ही पेढे खाल्ले अन म्हणाला, "पेठेतल्या शाळेत? तुझी पोरगी? बरं बरं."

त्या 'बरं बरं'नं हणमंताची रात्रभर झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी पहाटंपासून घरात लगीनघाई. पोरगी पहिल्यांदा शाळेची पायरी चढणार, मग ती काय मोकळ्या केसांनी? मनकर्णानं टोपलीभर मोगऱ्याच्या कळ्या आणल्या व्हत्या. सासू-सुना एरवी एका चुलीवर दोन बाजूंनी फुंकायच्या, पर त्या दिवशी एका सुईत ओवल्यागत कामाला लागल्या. वेणीवर कळ्या टाचल्या. वेणी झाली तरी कळ्या उरल्या. मग टाळूवर कळ्यांचा चांद केला. तरी उरल्या. चांदावर चांद, त्याच्यावर आणि एक चांद! नागूच्या डोक्यावर देवळाचा कळस बसला म्हणा की. दोरा कमी पडला, तर हणमंतानं मागावरचा पीळदार धागा दिला, अन शेवटची गाठ मोठ्या हौशीनं स्वतः मारली.

"आता हिला बैलगाडी बांधून ओढली तरी सुटायची न्हाय," तो म्हणाला.

सोजरबाईनं नातीला बजावलं, "मान अजिबात हलवायची न्हाय. वाकडी झालीस तर कळ्या सांडतील. देवीगत ताठ उभं राहायचं, कळलं?"

"व्हय आजी," नागू म्हणाली. पोरगी आज्ञाधारक. तितंच घात झाला.

पेठेतल्या शाळेत ही रांग. टेबलाशी भीमाशंकर मास्तर, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, पुढ्यात रजिस्टर. नागूची पाळी आली.

"नाव छान आहे. वेणीही छान. उजव्या हातानं डावा कान धर बघू, बाळ."

नागूनं हात उचलला. हात चढायला लागला. पहिला चांद चढला, दुसरा चढला, तिसऱ्याच्या शिखरावर पोचला अन तितंच दमला. कान राहिला पलीकडं, दोन बोटं खाली.

"मास्तर, घरी पोचतो," हणमंत म्हणाला. "आठ दिवस पोचतोय. पिरगाळतीया."

"घरी कोणीही राजा असतो. वेणी सोडा, परत बघतो."

हणमंतानं गाठ नखानं धरली. नख तुटलं. दातानं धरली. तोंडात मोगरा गेला, गाठ जागच्या जागी. मनकर्णानं ओढली, नागू कळवळली, पर मान ताठ. मागच्या रांगेतनं एकजण म्हणाला, "पाव्हणं, दिवाळीपर्यंत व्हईल काय?"

मास्तरांनी टेबलातली कातर काढली. तर सोजरबाई मधी आडवी. "ताज्या वेणीला कातर? पोरीच्या जातीला? उद्या लगीन मोडलं म्हंजे मास्तर येणार हायत का सोयरीक जुळवायला?"

"आजीबाई, मागं वीस जण आहेत."

"मग त्यांना बसवा की सावलीला."

मास्तरांनी कातर ठेवली, चष्मा वर सरकवला अन म्हणाले, "पुढच्या वर्षी या. हाताला वाढू द्या. आणि कळ्या जरा कमी आणा."

येताना सायकलच्या दांडीवर नागू ताठ बसलेली. तिनं हळूच इचारलं, "आबा, मी मान न्हाय हलवली. तरी का न्हाय घेतलं?"

हणमंतानं पायडल जोरात मारलं. चौथी नापास झाल्यावर त्याच्या बापानं त्याला मागावर बसवलं व्हतं, तो दिवस त्याला आठवला. पोरगी एक वरीस घरी राहिली तर लोकं काय म्हणतील, ते एक वेगळंच. पर तिच्या हातात पाटीऐवजी एक वरीस झाडू येणार, हे त्याला सोसंना.

अन गल्लीत पेढे वाटून झालेले!

गल्लीमागच्या विहिरीच्या पलीकडं, लोकं जिकडं फारशी फिरकत न्हाईत तिकडं, एक पत्र्याची शाळा व्हती. एक खोली, एक लिंबाचं झाड, एक मथुराबाई नावाची मास्तरीण. पोरं चौदा. शाळा सुटंपर्यंत एक शेळी बी दाराशी बसायची, तिला धरलं तर पंधरा. हणमंत सरळ तितं गेला.

मथुराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या न्हाईत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "बसू दे तिला. नाव आत्ता लिहीत नाही, पुढच्या जूनला कान धरला की लिहू. शिकायला काय कान लागतो हातात धरलेला?"

झालं. पर गल्लीला सांगायचं काय? निळा स्कर्ट तर घेऊन ठेवलेला. दुसऱ्या दिवसापासून हणमंत नागूला निळ्या स्कर्टात सायकलवर बसवायचा, गल्लीतनं घंटी वाजवत पेठेच्या दिशेनं निघायचा, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीला वळसा घालायचा अन मागच्या बोळातनं पत्र्याच्या शाळेत. पाऊण मैलाचं अंतर, सायकल पळवायची अडीच मैल.

नागूला शिकवून ठेवलं व्हतं. "कोणी इचारलं कुठल्या शाळेत जातीस, तर काय सांगायचं?"

"मोठ्या."

"शाब्बास."

"पर आबा, ती लहान हाय."

"तू तिच्यापेक्षा लहान हाईस का न्हाय? मग तुला मोठीच की."

हे पोरीला पटलं. हणमंताला बी पटलं. खोटं बोलायचं म्हंजे आधी स्वतःला पटावं लागतं, ते मला इचारा.

आता गंमत बघा. मथुराबाईंनी पोरीला असं काही शिकवलं की दिवाळीपर्यंत नागू सोळापर्यंत पाढे म्हणायला लागली. ईश्वरप्पाची बायको सुंदरम्मा नळावर घागर घेऊन उभी असायची. ती म्हणाली, "अय्यो, नागू, तेराचा म्हण गं." नागूनं म्हटला. "उलटा म्हण." नागूनं उलटा म्हटला. सुंदरम्माची घागर भरून वाहायला लागली तरी तिला कळलं न्हाय. घरी जाऊन तिनं नवऱ्याला धारेवर धरलं. "आपली लीला पुढच्या साली सहाची व्हतीया. पेठेतल्या शाळेत जागा धरा. आत्ताच."

ईश्वरप्पानं पाहुण्याच्या पाहुण्याला धरून लीलेची जागा पक्की केली. पर माणूस घड्या मोजणारा, संशयी. 'बघून तरी येतो शाळा कशी भरतीया,' म्हणून एका सकाळी हणमंताच्या मागनं निघाला. हणमंतानं पिठाच्या गिरणीला वळसा घातला, ह्यानं बी घातला. हणमंत बोळात शिरला, हा बी शिरला. अन बघतो तर काय, निळा स्कर्ट शेळीला ओलांडून पत्र्याच्या खोलीत गेला!

हणमंत सायकल वळवतो तर समोर ईश्वरप्पा.

"हणमंता. ही पेठेतली शाळा?"

हणमंताच्या कपाळाला घाम. आता सांगून टाकावं, म्हणून त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात ईश्वरप्पाच म्हणाला, "थांब. बोलू नगंस. आलं माझ्या ध्यानात."

"काय आलं?"

"तू जॉबर. टॉवेल उलटा करून बघणारा माणूस. समोरनं कसं बी दिसू दे, खरा माल मागनं कळतो. पेठेतल्या शाळेत जागा मिळूनसुद्धा तू पोरीला हितं घालतोस, म्हंजे हितं काहीतरी हाय. अन आम्हाला कळू नये म्हणून वळसे घालतोस. लबाड हाईस की रे तू."

हणमंतानं उघडलेलं तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी त्याला हुशार म्हटलं व्हतं. त्याला वाटलं, दोन दिवस राहू दे, मग सांगू.

दोन दिवसांत गल्लीभर झालं. "पेठेतली सोडून हितं घातलीया. जॉबरानं घातलीया." चार दिवसांत कुणीतरी म्हणालं की मथुराबाई पुण्याच्या हायत. आठ दिवसांत त्या विलायतेला जाऊन आलेल्या. शेळीचं दूध पोरांना पाजतात म्हणून बुद्धी वाढती, हे बी झालं. शेळी अंग चोरून बसायला लागली, कारण जो तो तिच्या कासेकडं बघायचा.

जून आला. गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी ठरवलं, पोरं पत्र्याच्या शाळेत घालायची. ईश्वरप्पानं तर पेठेतली लीलेची पक्की जागा सोडून दिली. अन नाव घालायच्या आदल्या दिवशी सकाळी सुंदरम्मा हणमंताच्या दारात.

"भावजी, तुमच्या नागूला गेल्या साली वेणी घातली व्हती न्हवं? चांदावर चांद? त्या वेणीचाच गुण तो. आम्ही बी कळ्या आणल्यात. शेवटची गाठ तेवढी तुमच्या हातची पाहिजे."

हणमंत म्हणाला, "वहिनी, वेणी नगा घालू."

"का?"

आता काय सांगणार? वेणीनं प्रवेश हुकला म्हणावं, तर पेढे उघडे पडतात. "जड व्हती डोक्याला," तो म्हणाला.

"देवाचा मुकुट बी जड असतो," सुंदरम्मा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटं हणमंताच्या ओट्यावर अकरा पोरी रांगेनं. प्रत्येकीच्या डोक्यावर तीन-तीन चांद. एकीला तर पाच, तिचा बाप फुलमाळी. हणमंत मान खाली घालून गाठी मारत गेला. मनकर्णा आतनं म्हणाली, "अहो, आता नागूला वेणी न्हाय घातली तर लोकं इचारतील." सोजरबाईनं सुई घेतलीच व्हती. बारावी वेणी नागूची. हणमंताला वाटलं, या साली हात चांगला चार बोटं वाढलाय, पोचंल.

पत्र्याच्या शाळेसमोर जत्रा भरली. मथुराबाईंनी ते बघून आधी खुर्ची धरली. मग म्हणाल्या, "हे बघा, खोली एक आहे. नव्या जागा आहेत सोळा. मुलगे चार घेतले. आता मी वशिला बघणार नाही, कागद बघणार नाही. कान धरेल तो आत. नाही धरला तर पुढच्या वर्षी. नागूचं नावही अजून लिहिलेलं नाही, तिलाही हाच नियम."

पहिली लीला. हात चढला, तिसऱ्या चांदावर अडकला. "पुढच्या वर्षी." दुसरी. अडकला. तिसरी. अडकला. फुलमाळ्याच्या पोरीचा हात तर दुसऱ्या चांदातच हरवला, तिच्या आईनं शोधून काढला. अकराच्या अकरा नापास!

"गाठी सोडा," ईश्वरप्पा ओरडला. "हणमंता, सोड गाठी."

हणमंत लीलेच्या मागं बसला. नखं लावली, दात लावले. बायका भोवती, कळ्या अंगावर, अन गाठी कशा, तर बघणाऱ्याला हसणाऱ्या. अकरा पोरी रडायला लागल्या. तोंडात दोऱ्याचा पीळ धरलेला हणमंत वर बघतो, तर समोर नागू. तशीच ताठ. गेल्या सालासारखी.

त्याच्या हातनं वेणी सुटली. गाठ न्हाय, वेणी.

"कातर आणा अन कापा," तो म्हणाला. "अन मला जोड्यानं मारा. गेल्या साली माझी पोरगी पेठेतल्या शाळेत घेतलीच न्हवती. ह्याच वेणीनं कान राहिला. मी हितं हुशारीनं न्हाय आलो, कुठं घेईनात म्हणून आलो."

भोवतीच्या बायका एकेक पाऊल मागं सरल्या.

"म्हंजे पेढे?" ईश्वरप्पानं इचारलं.

"आधीच वाटले व्हते."

"अन मी पक्की जागा सोडली ती..." ईश्वरप्पानं सुंदरम्माकडं बघितलं. सुंदरम्मानं शेळीकडं बघितलं.

मथुराबाई म्हणाल्या, "नागू राहिली. ये गं पुढं. धर कान."

हणमंतानं डोळे मिटले. नागूनं हात उचलला. पहिला चांद, दुसरा चांद, तिसरा. तितं हात थांबला. हात चार बोटं वाढला व्हता, पर चांद बी या साली जाड झाले व्हते.

नागूनं आजीकडं बघितलं. मग बापाकडं बघितलं. अन हळूच मान उजव्या खांद्यावर वाकडी केली.

कान आपसूक वर आला अन चिमटीत बसला. चार कळ्या तेवढ्या सांडल्या.

हणमंतानं डोळे उघडले. "हे कुटं शिकलीस?"

"कान धरून उठाबशा काढताना. मान वाकडी केली की लवकर पोचतो."

"मग गेल्या साली का न्हाय केलीस?"

"आजी म्हणाली व्हती, मान हलवू नगं."

बारा मिनिटांत अकरा पोरींनी माना वाकड्या केल्या अन अकरा कान धरले. फुलमाळी म्हणाला, "बाई, हे चालतं काय नियमात?" मथुराबाई लिहिता लिहिता म्हणाल्या, "मान सरळ ठेवावी असं मी कुठं वाचलेलं नाही." बाराही पोरींची जन्मतारीख त्यांनी एक जून टाकली. पंचमीच्या मागं का पुढं, ते भांडण तितंच संपलं. सोळा जागा सोळांनी भरल्या, शेळी बाहेर राहिली.

ईश्वरप्पानं हणमंताला मारलं न्हाय. एकच शिक्षा दिली. पेढे परत वाटायचे, अन या वेळंला काम झाल्यावर.

पेठेतल्या शाळेत त्या साली जागा रिकाम्या पडल्या. भीमाशंकर मास्तरांनी निरोप धाडला, गेल्या वर्षीची ती वेणीवाली मुलगी आणा, घेतो. हणमंताला पुन्हा मोह सुटला. दगडी जिना, पितळी घंटा डोळ्यांसमोर आली. त्यानं नागूला मांडीवर घेऊन इचारलं, "जायचं का?"

नागूनं जरा इचार केला. "नगं आबा," म्हणाली. "तितं मान ताठ ठेवावी लागती."

पुढं ती शिकली, अन कारखान्याच्या मालकाला बापाच्या रजेची चिठ्ठी तिनंच लिहिली. मालक घामाघूम झाला का, ते मी बघितलं न्हाय, म्हणून सांगत बी न्हाय. मी फक्त खरं सांगते.

आता एवढं तळ्याचं नाव घेतलंय म्हणून एक बारीक गोष्ट सांगून टाकते. दुसऱ्या सालच्या गाठी हणमंताच्या, त्यात फरक न्हाय. पर पहिल्या सालची, मास्तरांपुढं न सुटलेली ती गाठ काय त्यानं मारली न्हवती. तो बिचारा तवर सायकलीत हवा भरत व्हता. ती गाठ सोजरबाईनं मारली, अन कुणी मारली म्हणून मास्तरांनी इचारल्यावर तिनं पोराकडं बोट केलं. पोरानं बी आईचा मान राखला, आजवर कुणाला बोलला न्हाय.

अन सोजरबाई कोण, ते इचारत बसू नगा. मिश्रीची डबी सरकवा इकडं.